खुला प्रवेश, केबल इंटरनेटमधील

केबल टीव्हीच्या तारेवरून इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने तीच तार प्रतिस्पर्धी सेवादारांनाही ठरावीक भाड्याने वापरू द्यावी, अशी सक्ती. अमेरिकेत साधारणपणे १९९८ ते २००५ या काळात यावर वाद झाला. महाराष्ट्रात ‘ओपन ॲक्सेस’ म्हटले की बहुधा वीज कायदा २००३ मधील मोठ्या ग्राहकांची सोय डोळ्यांपुढे येते. तत्त्व तेच, तार एकाची आणि माल दुसऱ्याचा.

संकल्पनेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. काहीजण तो १९८४ च्या केबल कायद्यातील भाड्याने द्यावयाच्या वाहिन्यांच्या तरतुदीत शोधतात. पण तिचा रोख टीव्ही कार्यक्रमांवर होता. १९८० च्या सुमारास संघीय दळणवळण आयोगाने दूरध्वनी कंपन्यांचे मूलभूत वहन आणि त्यावर माहितीची प्रक्रिया करून दिलेल्या ‘वर्धित’ सेवा यांत भेद केला, त्याच्याशी नाते जोडणे अधिक सयुक्तिक वाटते. दूरध्वनीच्या तारेवरून इंटरनेट जोडणाऱ्या डायल-अपचा ग्राहक हव्या त्या सेवादाराचा नंबर फिरवी. केबलवर फिरवायला नंबरच नव्हता. वस्तीतील अनेक घरे ६ मेगाहर्ट्झची एकच वाहिनी वाटून घेत. माहितीला वाट दाखवणारे यंत्र, म्हणजे राउटर, एरवी माहितीचे पाकीट कुठे जायचे तो पत्ता पाहतो. येथे ते कोणाकडून आले हे पाहून सेवादार ठरवावा लागे. हे अव्यवहार्य असल्याचे केबल कंपन्या सांगत. जीटीईने १९९९ मध्ये फ्लॉरिडातील क्लिअरवॉटर येथे चाचणी घेऊन ते जमते असे दाखवले; अर्थात जीटीई ही दूरध्वनी कंपनी, म्हणजे प्रतिस्पर्धीच.

गुंतवणूकदारांचा प्रश्न वेगळा होता. एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीने टीसीआय ही केबल कंपनी विकत घेण्याचे जून १९९८ मध्ये जाहीर केले. टीसीआयबरोबर ‘ॲट होम’ या केबल इंटरनेट सेवेतील मोठा वाटाही येणार होता आणि या सेवेचे केबल कंपन्यांशी एकाधिकाराचे करार होते. एकाधिकार गेला तर एकमार्गी तारा द्विमार्गी करण्याचा खर्च कशातून निघणार, असे एक बाजू विचारी. दुसरी म्हणे, घाऊक भाडे येईलच, शिवाय त्याच तारेवर डिजिटल टीव्ही आणि दूरध्वनीही विकता येतील. पुढे ‘एक्साइट’ ही कंपनी विकत घेतलेली ॲट होम २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. एकाधिकार म्हणजे परताव्याची हमी, हा युक्तिवाद त्यामुळे बराच लंगडा पडतो.

ऑरेगनमधील पोर्टलंड शहराने डिसेंबर १९९८ मध्ये टीसीआयचा केबल परवाना एटी अँड टीकडे हस्तांतरित करण्यासाठी खुल्या प्रवेशाची अट घातली. जून १९९९ मध्ये जिल्हा न्यायालयाने ती उचलून धरली; जून २००० मध्ये अपील न्यायालयाने रद्द केली. एओएल ही इंटरनेट सेवादार कंपनी तोवर खुल्या प्रवेशाची कट्टर पुरस्कर्ती होती. जानेवारी २००० मध्ये केबल जाळे असलेली टाइम वॉर्नर घेण्याचे जाहीर केल्यावर तिचा सूर मवाळ झाला. त्या विलीनीकरणाला मंजुरी देताना संघीय व्यापार आयोगाने मात्र तीच अट घातली.

मार्च २००२ मध्ये दळणवळण आयोगाने केबल इंटरनेटला ‘माहिती सेवा’ ठरवले, म्हणजे दूरध्वनीसारखी इतरांना तार खुली करण्याची सक्ती त्याला लागू होत नव्हती. जून २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्रँड एक्स’ खटल्यात ६ विरुद्ध ३ मतांनी ते मान्य केले. न्या. स्कॅलिया यांनी भिन्नमतपत्रात पिझ्झावाल्याचे उदाहरण दिले: घरपोच पिझ्झा देणारा दुकानदार आपण पोहोचवण्याची सेवा देतच नाही असे म्हणू शकत नाही.

कॅनडात केबल कंपन्यांवर ही सक्ती १९९० च्या दशकाअखेरीस लागू झाली.