कॉन्व्हेंटच्या आधीची गोष्ट

दरवर्षी आरटीईचे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या मोफत जागांचे, फॉर्म सुटले की आमच्या ग्रुपवर एकच रडगाणं, मिशनची शाळा लिस्टमधे का नाही. अहो ती अल्पसंख्याकांची संस्था, घटनेचं कलम 30 त्यांना स्वतःच्या शाळा चालवायचा हक्क देतं, आणि 2014 ला सुप्रीम कोर्टानं अशा शाळांना आरटीई लागू नाही असं सांगून टाकलं. विषय संपला. पण मग कुणीतरी म्हणतंच, इंग्रजांनी आणून ठेवल्या ह्या शाळा.

आता आमच्या मराठवाड्यात इंग्रजांचं राज्य होतं कुठं? निझामाचं होतं, गोरे लोक जालना-औरंगाबादच्या छावणीपुरते. आणि जालन्याला मिशनचं काम उभं केलं ते नारायण शेषाद्री ह्या मराठी माणसानं, जन्मानं ब्राह्मण, 1843 ला मुंबईत ख्रिस्ती झालेला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत पण मिशनऱ्यांकडं गेला होता, प्रकरण कोर्टात गेलं, पोरगं घरी आलं आणि बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत परत घ्यायला लावलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. नारायण मात्र फिरला नाही. पुढं स्कॉटलंडच्या फ्री चर्चकडून तो जालन्याला आला, निझामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि बेथेल नावाचं गावच वसवलं. बेथेल म्हणजे देवाचं घर. तिथं आलेली बरीचशी घरं मांग समाजाची, ज्यांच्या पोरांना गावातल्या शाळेच्या ओट्यावर पण कुणी टेकू देत नव्हतं. हेतू धर्मप्रसाराचा होता, ते लपवण्यात काय अर्थ नाही, पण अक्षर एकदा आलं की माणूस नुसतं बायबलच वाचत बसतो का, सावकाराची वही पण वाचतो.

बाकी निझामी राज्यात वरचं शिक्षण उर्दूत, 1918 चं उस्मानिया विद्यापीठ पण उर्दूच. म्हणून तर औरंगाबादला 1915 ला सरस्वती भुवन ही शाळा निघाली.

इंग्लिश मीडियमचं वेड खरं 1948 नंतरचं. निझाम गेला, उर्दूचा दबदबा गेला, 1960 ला महाराष्ट्र झाला, बदलीवर येणाऱ्या साहेबलोकांना पोरांसाठी इंग्रजी पाहिजे होती आणि फादर-सिस्टरांच्या शाळांकडं ती होती. कॅथलिकांचा औरंगाबादचा वेगळा धर्मप्रांत, म्हणजे बिशपच्या हाताखालचा भाग, तर 1977 ला झाला. माझ्या ॲडमिशनला वडील पहाटे चारला गेटवर जाऊन बसले होते, लाइनीत नंबर म्हणून रुमालात दगड बांधून ठेवलेला, आणि आत सिस्टरनं मला सोडून त्यांनाच इंग्रजीत नाव विचारलं. माझा नंबर लागला नाही तो नाहीच.

मग घातलं गल्लीतल्या बाल कॉन्व्हेंटमधे. नन एक पण नाही, दारावर गणपतीची टाइल, आणि सकाळी प्रार्थना 'या कुन्देन्दु'.