नाव उताराचे, जागा वरची

रक्ताची उलटी म्हटली की घरच्यांपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांचा पहिला संशय लिव्हरवर, आणि पाठोपाठ दारूवर. बहुतेकदा तो खराही ठरतो. पण गळ्यातल्या गलगंडामुळेही अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि क्वचित फुटतात.

या शिरांना ‘डाउनहिल’, म्हणजे उताराच्या, हे नाव १९६४ साली मिळाले आणि घोळ तिथूनच सुरू झाला. सिरॉसिसमध्ये, म्हणजे लिव्हर कडक होऊन आकसण्याच्या आजारात, लिव्हरमधून वाट न मिळालेले रक्त अन्ननलिकेच्या खालच्या टोकाकडून वर चढते. गलगंड छातीच्या हाडामागे उतरून तिथल्या मोठ्या शिरा दाबू लागला, की डोक्या-मानेकडून येणारे रक्त अडते आणि अन्ननलिकेच्या शिरांतून खाली वाट काढते. नाव पडले प्रवाहाच्या दिशेवरून. ऐकणारा ते जागेचे समजतो. उताराच्या शिरा असतात अन्ननलिकेच्या वरच्या भागात, चढाच्या असतात तळाशी! अडथळा छातीच्या भिंतीचे रक्त वरच्या मोठ्या शिरेला नेऊन देणाऱ्या अझायगस शिरेच्या तोंडाशी किंवा त्याखाली असेल, तर फुगवटे पार तळापर्यंत पोचतात. मग नुसत्या दुर्बिणीने सिरॉसिसपासून वेगळे ओळखणे अवघड. गलगंडाच्या काही रुग्णांत तर वरची महाशिरा, म्हणजे डोके, मान आणि हातांचे रक्त हृदयाकडे आणणारी मोठी शीर, मोकळीच असते, दबलेल्या असतात त्या फक्त थायरॉइडच्या खालच्या शिरा. तेही याच नावाखाली घातले गेले. सोयीचे झाले, अचूक नव्हे.

नावाचा हा घोळ उपचारात नडतो. लिव्हरकडचा दाब उतरवणाऱ्या गोळ्या इथे कामाच्या नाहीत. शिरेवर रबरी बँड लावून रक्त थांबते, दाब तसाच राहतो. गलगंड काढला की शिरा ओसरतात. रक्तस्राव मुळात कमी, कारण वरच्या भागाला पोटातले ॲसिड फारसे लागत नाही आणि लिव्हर शाबूत असल्याने रक्त नीट गोठते.

आपल्याकडे गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला, पुढे आयोडीनयुक्त मीठ घरोघर पोचले आणि गलगंड कमी झाले. अलीकडे अशा शिरांमागे छातीतल्या गाठींबरोबरच डायलिसिससाठी मानेत घातलेल्या नळीमुळे अरुंद झालेली महाशिराही सापडू लागली आहे.

छातीत उतरलेला गलगंड ओळखण्याची एक खूण मात्र १९४६ पासून नोंदलेली आहे: दोन्ही हात डोक्यावर धरायला सांगायचे. मिनिटभरात चेहरा लालजांभळा पडतो, मानेच्या शिरा तट्ट फुगतात. आणि गिळायला सांगून गळा चाचपला, तर गाठीची खालची कड बोटांना लागतच नाही.