बाळदमा: दोष आईच्या मायेचा नव्हता

मुलाला दमा का झाला, असे विचारले की विसाव्या शतकाच्या मध्यावर अनेक डॉक्टर आईकडे बोट दाखवत. मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर यांनी दमा मनातून उद्भवणाऱ्या सात आजारांत धरला होता. आईसाठीचे रडू मूल आत दाबते आणि त्याची धाप होते, अशी ती मांडणी. ॲलर्जीची कल्पना तेव्हा नवी नव्हती, तरीही.

अमेरिकेतल्या डॉ. मरे पेशकिन यांनी याच्याही पुढचा उपाय काढला. औषधांना दाद न देणारी मुले डेन्व्हरच्या निवासी संस्थेत आईवडिलांपासून दीर्घकाळ दूर ठेवायची. बरीच मुले तिथे सुधारली, आणि घरच्यांवरचा ठपका आणखी गडद झाला. खोकणाऱ्या लेकराला मांडीवर घेऊन रात्र काढायची आणि वर हे ऐकायचे, हा त्या आयांवर मोठाच अन्याय होता.

मूल घर सोडते तेव्हा त्याची गादी, उशी आणि गालिचाही मागे राहतो. १९६० च्या दशकात नेदरलँड्समधल्या लायडन इथे फोरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा यांनी घरातल्या धुळीची ॲलर्जी नेमकी कशाची, हे शोधले. धुळीतला माइट हा जेमतेम पाव ते तृतीयांश मिलिमीटरचा जीव. आपल्या त्वचेच्या गळालेल्या कोंड्यावर तो जगतो आणि त्याच्या विष्ठेचे कण श्वासावाटे आत जातात. त्याला दमट हवा लागते. डेन्व्हर उंचावर आणि कोरडे, म्हणजे तिथे माइटला थारा कमी. मानसिक ताणाने दमा उसळतो हे आजही मानले जाते, पण ताण उसळी देतो म्हणून आई आजाराचे मूळ ठरत नाही. त्याच दशकाच्या अखेरीस ॲलर्जीत शरीर तयार करते ते आयजीई हे प्रतिपिंड सापडले आणि ॲलर्जी रक्तात मोजता येऊ लागली.

पुढचा धक्का जर्मनीने दिला. १९९० मध्ये पूर्व आणि पश्चिम जर्मनी एक झाल्यावर बालरोगतज्ज्ञ एरिका फॉन मुटियुस यांनी दोन्हीकडच्या मुलांची तुलना केली. कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या पूर्वेकडे दमा जास्त असणार, अशी अपेक्षा होती. तिकडे ब्राँकायटिस, म्हणजे श्वासनलिकांचा दाह, जास्त निघाला खरा, पण दमा आणि ॲलर्जी पश्चिमेकडेच अधिक! एकीकरणाच्या आदल्याच वर्षी, १९८९ मध्ये, ब्रिटनमधले संशोधक डेव्हिड स्ट्रॅचन यांनी दाखवले होते की मोठी भावंडे जितकी जास्त, तितका परागज्वर (परागकणांच्या ॲलर्जीने होणारी सर्दी-शिंका) कमी. लहानपणी जंतूंशी गाठ पडणे बरे, हा विचार इथून रुजला. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या जवळच्या वंशाच्या शेतकरी समाजांची तुलना झाली. जनावरांच्या सान्निध्यात वाढणाऱ्या आमिश मुलांत दमा सुमारे ५ टक्के, यांत्रिक शेती करणाऱ्या हटराइटांत २१.

याचा अर्थ धूर चालतो असा मुळीच नाही. १९८० पासून ॲरिझोनातल्या टूसॉन इथे नवजात बाळांचा मागोवा घेतला गेला. तिसऱ्या वर्षाआधी छातीत सुईसुई वाजणाऱ्या बहुतेक मुलांचा त्रास सहाव्या वर्षापर्यंत थांबला होता; म्हणून अशा प्रत्येक बाळावर दम्याचा शिक्का मारू नये. आई सिगारेट ओढत असेल, तर ही सुईसुई जास्त आढळली. स्कॉटलंडने मार्च २००६ मध्ये बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपानावर बंदी घातली. त्याआधी दम्यामुळे दवाखान्यात भरती होणारी मुले वर्षाला ५ टक्क्यांनी वाढत होती. नंतर ती वर्षाला १८ टक्क्यांनी घटली, शाळेत न जाणाऱ्या चिमुरड्यांतही आणि शाळकरी मुलांतही.