पॅनेटोने आणि कुलिच: दिसायला जुळे, पण करायची रीत वेगळी

डिसेंबर लागला की नागपुरातल्या घरगुती बेकिंग करणाऱ्यांच्या स्टेटसवर एक उंच, घुमटासारख्या डोक्याचा, बेदाण्यांनी भरलेला गोड पाव दिसायला लागतो. खाली नाव असतं पॅनेटोने. ईस्टरच्या सुमारास तसाच पाव पांढरं आयसिंग ओघळत येतो, तेव्हा तो कुलिच होतो. यातून बऱ्याच जणांनी असं धरलंय की आयसिंग लावलं की कुलिच, नाहीतर पॅनेटोने. खरं तर हे दोन पाव पीठ भिजवतानाच वेगळे होतात. सणाच्या सकाळी घरच्यांना काय खाऊ घालायचं, हेही तिथेच ठरतं.

पॅनेटोने मिलान शहराचा, नाताळचा. इटलीत २००५ पासून हे नाव लावायचे नियम ठरलेले आहेत: बटर किमान १६ टक्के, बेदाणे आणि पाकात मुरवलेली संत्रावर्गीय फळांची साल मिळून किमान २० टक्के, बलक किमान ४ टक्के, आणि पीठ फुगवायचं ते जिवंत आंबट आंबवणावर. हे आंबवण रोज पीठ-पाणी घालून सांभाळावं लागतं. त्यावर पहिलं पीठ भिजवून रात्रभर ठेवतात. ते तिप्पट झालं की सकाळी त्यात पुन्हा मैदा, बलक, साखर, बटर, फळं घालून दुसऱ्यांदा मळतात आणि साच्यात घालून परत काही तास फुगवतात. म्हणजे आंबवण तयार असेल तरी दोन दिवस धरायचे.

कुलिच रशियातल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती घरांचा, ईस्टरचा. ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात अंडी, दूध, लोणी सगळं वर्ज्य असतं. उपास सुटतो त्या सकाळच्या पावात म्हणूनच या तिन्ही गोष्टी सढळ हाताने पडतात. त्यात वेलची आणि केशरही असतं, त्यामुळे आपल्या जिभेला पहिल्याच घासाला ओळख पटते. आदल्या दिवशी तो चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात. हा पाव साध्या यीस्टवर होतो, आणि सकाळी सुरुवात केली तर संध्याकाळपर्यंत भट्टीतून बाहेर येतो.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. इन्स्टंट यीस्ट घालून एका दिवसात केलेला घरचा ‘पॅनेटोने’ हा बहुतेक वेळा बिनआयसिंगचा कुलिचच असतो. त्यात वाईट काही नाही, पाव सुरेखच होतो. पण पॅनेटोनेसारखे रेशमी धागे सुटले नाहीत म्हणून हिरमुसायचं कारण नाही, कारण ते धागे लांबवलेल्या आंबवणातून आणि मळण्यातून येतात. कुलिचचा पोत जरा भरीव, केककडे झुकणारा असतो आणि तो तसाच चांगला लागतो.

घरच्या नाश्त्यासाठी मी कुलिचच सुचवेन. ५०० ग्रॅम मैदा, १८० मिली दूध, २ अंडी आणि २ बलक, १२० ग्रॅम साखर, तेवढंच बटर, १० ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ६ ग्रॅम मीठ, १५० ग्रॅम बेदाणे, चिमूटभर केशर, वेलचीपूड. सगळं एकदम कालवू नका. एवढी साखर पिठातलं पाणी ओढून घेते आणि यीस्टला ते कमी पडतं. आधी कोमट दूध, यीस्ट आणि अंदाजे १५० ग्रॅम मैदा एवढंच कालवून झाकून ठेवा. त्यावर बुडबुडे येऊन मधोमध खळगा पडायला लागला, की मग अंडी, साखर, मीठ, केशर, वेलची आणि उरलेला मैदा. बटर अगदी शेवटी, थोडं थोडं, पीठ चांगलं ताणलं जायला लागल्यावर. सुरुवातीलाच घातलं तर मैद्याला तुपकट लेप बसतो आणि ताण लवकर येत नाही. बेदाणे मळून झाल्यावर.

साच्याला स्टीलचा सरळ उभा डबा चालतो. आतून बटर पेपर लावा आणि अर्ध्याच्या खालीच भरा. एवढ्या पिठाला दोन मध्यम डबे लागतात. गोळा डब्याच्या काठाजवळ आला की १७० अंशांवर साधारण ४० मिनिटं. छोट्या ओटीजीत वरची कॉइल पावाच्या डोक्याला फार जवळ येते, म्हणून सगळ्यात खालची जाळी वापरा आणि रंग आला की वर फॉइल टाका.

आता संत्र्याच्या सालीबद्दल, कारण नागपूरकराने टुटीफ्रुटी घालावी हे मला पटत नाही. इटलीत पॅनेटोनेत जाड सालीचं संत्रं आणि महाळुंग पाकात मुरवून घालतात. आपल्या संत्र्याची साल पातळ, सैल, आतला पांढरा भाग थोडा. ती तशी गुबगुबीत फोड देत नाही, पण वास फार मोठा देते. साल बारीक चिरा, दोन-तीनदा पाणी बदलून उकळा, कडवटपणा गेला की समभाग साखर-पाण्याच्या पाकात मंद आचेवर पारदर्शक होऊ द्या. फोडच हवी तर मोसंबीची साल घ्या. संत्र्याच्या दोन हंगामांपैकी अंबिया बहाराची फळं नाताळापर्यंत कळमन्याच्या बाजारात असतात आणि मृग बहाराची ईस्टरच्या आधी येतात, त्यामुळे दोन्ही सणांना ताजी साल मिळते.

हवामान मात्र दोन्ही सणांना उलटं. डिसेंबरच्या रात्री पारा १० अंशांच्या खाली जाऊ शकतो आणि पीठ ढिम्म हलत नाही. बंद ओटीजीत गरम पाण्याचं भांडं ठेवून शेजारी पीठ ठेवा. एप्रिलमध्ये दुपारी चाळिशी पार झालेली असते, बटर पिठातून पाझरायला लागतं. तेव्हा पहाटे मळा, पहिल्या कालवणानंतर घालायचं सगळं थंड घ्या आणि फुगवण फ्रिजमध्ये होऊ द्या.

भट्टीतून काढल्यावर पॅनेटोनेच्या बुडात दोन सळया खुपसून तो उलटा टांगतात, अगदी रात्रभर. एवढं बटर आणि बलक असलेला गरम पाव स्वतःच्याच वजनाने खचतो, म्हणून. कुलिचला डब्यातून काढून आडवा ठेवला आणि अधूनमधून फिरवला तरी पुरतं. आयसिंग पाव पूर्ण गार झाल्यावरच. कोमटावर टाकलं तर वितळून खाली जातं.

वाढतानाही फरक आहे. पॅनेटोने उभ्या फोडींत कापतात. कुलिचच्या आडव्या चकत्या करतात आणि वरचा आयसिंगचा तुकडा झाकणासारखा परत उरलेल्या पावावर ठेवतात, म्हणजे आतला भाग सुकत नाही. सोबत रशियात पास्खा असतो: दाबून पाणी काढलेलं मऊ ताजं चीज, साखर, बटर, बेदाणे. आपल्याकडे श्रीखंडासाठी बांधतो तो चक्का त्याच्या अगदी जवळचा आहे. साखर आणि भरडलेले बदाम घालून चकतीवर जाड थर लावा. माझ्या मते या नाश्त्याची खरी मजा त्या थरात आहे.

टिकण्यात पॅनेटोने पुढे. आंबट आंबवणामुळे तो नीट बांधून ठेवला तर बरेच दिवस राहतो. मिलानमध्ये तर नाताळचा राखलेला तुकडा ३ फेब्रुवारीला, संत ब्लेझच्या दिवशी, घसा चांगला राहावा म्हणून खातात. घरचा कुलिच तिसऱ्या दिवशी कोरडा पडायला लागतो. तोवर उरला तर चकत्या तव्यावर थोड्या बटरमध्ये भाजून घ्या, आयसिंगचा भाग आधी काढून, कारण तो तव्यावर करपतो.