टर्बो गाडी ट्यून करताना सायलेन्सरमध्ये सेन्सर कशाला?

रीमॅपला (गाडीच्या कॉम्प्युटरमधलं, म्हणजे ईसीयूमधलं, पेट्रोल आणि स्पार्कचं कोष्टक बदलायला) गाडी घेऊन येणारे बहुतेक लोक हेच विचारतात, की लॅपटॉप लावून मॅप टाकायचाय ना, मग डाउनपाइपला (टर्बोतून धूर बाहेर नेणारा पाइप) भोक पाडून सेन्सरसाठी नट कशाला वेल्ड करताय आणि त्याचे वेगळे पैसे कशाला. प्रश्न रास्त आहे, पैसे तुमचे आहेत, म्हणून हे पत्रक. (डिझेलवाल्यांनी सोडून द्या, डिझेल इंजिन मुळातच जास्तीच्या हवेवर चालतं, तिथलं गणित वेगळं.)

साधं पेट्रोल पूर्ण जळायला एक किलो पेट्रोलमागे साधारण १४.७ किलो हवा लागते. एवढीच हवा असेल तर त्याला लॅम्डा १ म्हणायचं. हवा जास्त झाली की लॅम्डा १ च्या वर, म्हणजे लीन, आणि पेट्रोल जास्त झालं की खाली, म्हणजे रिच. सिग्नलला उभी असताना किंवा हायवेला आरामात चालवताना ईसीयू गाडी १ च्या आसपास धरून ठेवतो, कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा, थोडक्यात कॅट) तिथेच नीट काम करतो. पण टर्बो गाडीत तुम्ही पाय पूर्ण दाबला की हिशोब बदलतो. टर्बो हवा दाबतो तशी ती तापते, सिलिंडरमध्ये दाब वाढतो, आणि मिश्रण स्पार्कच्या आगीची वाट न बघता आपोआप पेटायला लागतं, ते नॉकिंग. म्हणून फुल बूस्टला (टर्बो पूर्ण दाब देत असताना) मुद्दाम पेट्रोल जास्त देतात, ते उडताना थोडी उष्णता शोषून घेतं आणि टर्बोपर्यंत जाणारा धूरही थोडा थंड राहतो. इंजिनप्रमाणे लॅम्डाचा आकडा बदलतो पण ढोबळमानाने ०.८ ते ०.८८ मध्ये काम असतं. तिथे ०.९५ आलं आणि तुम्ही तसंच दाबत राहिलात तर पिस्टन जायला वेळ लागत नाही. उलट उगाच फार रिच ठेवलं तर प्लग काळे, पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये, आणि ॲव्हरेज विचारूच नका.

आता जुन्या गाड्यांत कंपनीचा जो ऑक्सिजन सेन्सर येतो तो नॅरोबँड. बॉशने १९७६ मध्ये पहिल्यांदा व्होल्वोच्या गाडीत दिला तो याच जातीचा, लॅम्डा १ ओळखण्यासाठी. साधारण ०.४५ व्होल्टच्या वर गेला की रिच, खाली आला की लीन, बस. ०.९ आहे की ०.७८, हे त्याला नीट सांगता येत नाही, दोन्हीला व्होल्टेज जवळपास सारखंच दिसतं, आणि आपल्याला तर नेमका तोच फरक बघायचाय. त्यामुळे नॅरोबँडवर बघून कोणी टर्बो ट्यून करून देतो म्हणाला तर गाडी परत घेऊन या, आमच्याकडे नाही तरी चालेल, पण तिथून घेऊन या.

आम्ही वापरतो तो वाइडबँड, बहुतेक वेळा बॉशचा एलएसयू ४.९. त्याच्या टोकात एक बारीकशी पोकळी असते, सेन्सर चालवणारा कंट्रोलर त्या पोकळीत ऑक्सिजन आत किंवा बाहेर पंप करत राहतो जेणेकरून आत लॅम्डा १ च राहील, आणि त्यासाठी किती करंट लागला त्यावरून खरा आकडा निघतो. हे चालायला टोक ७८० अंशांच्या आसपास तापलेलं लागतं, आत हीटर असतो. हल्लीच्या बऱ्याच टर्बो पेट्रोल गाड्यांत कॅटच्या आधीचा सेन्सर कंपनीकडूनच वाइडबँड येतो, खरं आहे, तरी आम्ही आपला वेगळा लावतो, कारण ज्या ईसीयूचा मॅप बदलतोय त्याच्याच सेन्सरला साक्षीदार धरणं आम्हाला पटत नाही.

आणि हे मात्र लक्षात ठेवा, कारण इथेच लोक फसतात. सेन्सर पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. समजा प्लग जुने झालेत आणि जास्त बूस्टला एका सिलिंडरमध्ये स्पार्क बसतच नाही, तर त्या सिलिंडरची हवा न जळता तशीच सायलेन्सरमध्ये जाते आणि सेन्सर म्हणतो लीन. आता हे बघून कोणी पेट्रोल वाढवलं तर मिसफायर आणखी वाढणार आणि आकडा परत लीनच. तसंच एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनमधून धूर बाहेर काढणाऱ्या पाइपांच्या) गॅस्केटला बारीक लीक असेल तर आयडलला बाहेरची हवा आत खेचली जाते, पुन्हा खोटं लीन. मास एअरफ्लो सेन्सरवाल्या (आत येणारी हवा मोजणाऱ्या) गाडीत इंटरकूलरचा (टर्बोची तापलेली हवा थंड करणारा) पाइप सुटला असेल तर उलटं, मोजलेली हवा बाहेर जाते आणि गाडी रिच. तो हवेत फुस्स करणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह लावला तरी अशा गाडीत गिअर बदलताना हेच होतं, आवाज भारी येतो हे मान्य. म्हणून आम्ही आधी स्मोक टेस्ट (पाइपांत धूर सोडून लीक शोधणं) करतो, प्लग बघतो, मग लॉग (चालत्या गाडीच्या आकड्यांची नोंद). लीक सापडला तर त्या दिवशी मॅप टाकत नाही, यावर वाद घालू नका.

सेन्सर टर्बोच्या नंतर, कॅटच्या आधी बसवतो, जागा मिळेल तसा टर्बोपासून दीड-दोन फुटांवर. टर्बोच्या आधी लावला तर तिथल्या दाबामुळे आकडा भलता दाखवतो आणि उष्णतेने सेन्सर मरतो. तोंड खाली ठेवून आडवा-तिरका बसवतो, पाणी साचलं तर गरम सिरॅमिकला तडा जातो.

मग थर्ड किंवा फोर्थ गिअरला फुल थ्रॉटल, शक्यतो डायनोवर (गाडी रोलरवर चालवून ताकद मोजायचं मशिन), आणि लॅम्डासोबत आरपीएम, बूस्ट, इग्निशन टायमिंग (स्पार्क किती आधी पडतो), नॉक, आत जाणाऱ्या हवेचं तापमान, फ्युएल प्रेशर सगळं एकत्र लॉग. हवं होतं ०.८५ आणि आलं ०.९० तर ०.९० भागिले ०.८५, म्हणजे तिथे साधारण ६ टक्के पेट्रोल वाढवायचं. वरच्या आरपीएमला लॅम्डा चढतोय आणि त्याच वेळी फ्युएल प्रेशर पडतंय असं दिसलं तर पंप पुरत नाहीये, तिथे मॅपमध्ये कितीही आकडे वाढवा, उपयोग नाही. आणि लॅम्डा एकदम बरोबर असूनही टायमिंग जास्त असेल तर नॉक होतंच, ते या सेन्सरला कळत नाही, म्हणून लॅम्डा दाखवणाऱ्या एकट्या गेजवर विसंबून राहू नका.

डॅशवर गेज लावून घेतला असेल तर ॲक्सिलरेटर सोडल्यावर तो एकदम लीनच्या टोकाला जाईल, घाबरून फोन करू नका, तेव्हा ईसीयूने पेट्रोल बंद केलेलं असतं आणि नुसती हवा जात असते.

ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मुळे अजून एक घोळ. इथेनॉलला हवा कमी लागते, त्यामुळे ई२० चा हिशोब १४.७ नाही, साडेतेराच्या आसपास येतो. पण गेज जर पेट्रोलच्या स्केलवर असेल तर तो लॅम्डा १ ला १४.७ च दाखवणार, कारण त्याला टाकीत काय आहे ते माहीत नाही. म्हणून आमच्या रिपोर्टमध्ये फक्त लॅम्डा असतो. ई१० वर ट्यून झालेल्या गाडीला ई२० वर सुमारे ४ टक्के जास्त पेट्रोल लागतं, साध्या चालवण्यात ईसीयू फ्युएल ट्रिमने (सेन्सर बघून पेट्रोल आपोआप कमी-जास्त करून) ते भरून काढतो, फुल थ्रॉटलला सगळ्या गाड्या काढतातच असं नाही.

सेन्सरचे शत्रू म्हणजे साधं सिलिकॉन सीलंट, जळणारं ऑइल, हेड गॅस्केटमधून येणारं कूलंट आणि शिसं असलेलं रेसचं पेट्रोल. कंट्रोलर बंद करून सेन्सर पाइपात तसाच ठेवू नका, गार टोकावर काजळी बसते. कनेक्टर कापून वायर जोडू नका, कॅलिब्रेशनचा रेझिस्टर त्यातच असतो.

कॅट काढून द्या असं कृपया सांगू नका. बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल गाड्यांच्या पीयूसीत हाय आयडलला (उभ्या गाडीत आरपीएम वाढवून) लॅम्डा ०.९७ ते १.०३ मध्ये लागतो आणि सीओची मर्यादाही कडक आहे, आम्ही काम झाल्यावर हे दोन्ही तपासून देतो. वॉरंटीचं मात्र आधी तुमच्या डीलरला विचारून या.

येताना नेहमीच्या पंपावरचं, रोज वापरता तेच पेट्रोल निम्मी टाकी भरून आणा. एरवी साधं पेट्रोल आणि त्या दिवशी एक्सपी१०० (१०० ऑक्टेनचं पेट्रोल) असं केलंत तर मॅप त्या पेट्रोलसाठी होईल आणि गाडी तुम्ही दुसऱ्यावर चालवाल. ऑक्टेन बूस्टर, इंजेक्टर क्लीनर काही टाकू नका. इंजिन लाइट लागलेली असेल तर कोड पुसून न येता तसेच घेऊन या.