गेलेला नेता कधी चांगला होतो? सीमाभागातली पार्श्वभूमी

डिसेंबर २०२४ मध्ये बेळगावात एकाच महिन्यात दोनदा दुखवटा झाला. ९ तारखेला सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन सुरू झाले. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याला परवानगी नाकारली गेली, नेत्यांची धरपकड झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे माजी मुख्यमंत्री एस. एम. कृष्णा गेल्याची बातमी आली आणि सभागृहातला सूर पालटला. मग २६ तारखेला, १९२४ च्या इथल्या, गांधीजींच्या अध्यक्षतेखालील काँग्रेस अधिवेशनाची शताब्दी म्हणून काँग्रेस कार्यसमिती शहरात जमलेली असताना, रात्री मनमोहन सिंग यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशीची जाहीर सभा रद्द झाली.

'समकालीन माध्यमांपेक्षा इतिहास माझ्याशी अधिक दयेने वागेल', असे मनमोहन सिंग जानेवारी २०१४ मध्ये म्हणाले होते, आणि निधनानंतर सगळीकडे तेच वाक्य फिरले. सीमाभागातल्या मराठी माणसाला त्यांच्याच सरकारची आणखी एक गोष्ट ठाऊक होती. २०१० मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले, की राज्याची हद्द ठरवताना भाषा हा एकमेव निकष नव्हता, सबब महाराष्ट्राचा दावा टिकणारा नाही. तेव्हा इथे केवढा संताप उसळला होता! श्रद्धांजलीच्या मजकुरात त्याला जागा मिळाली नाही.

मेल्या म्हशीला मणभर दूध, असे म्हणून हा विषय निकालात काढता येतो. पण सगळ्याच म्हशींना ते येत नाही. सत्तर वर्षांचा सीमालढा पाहिला तर असे दिसते, की गेलेल्या नेत्याबद्दलचे मत नुसत्या काळाने मवाळ होत नाही. त्याच्या नावावर ज्यांचे काही चालते अशी माणसे मागे उरावी लागतात.

यशवंतराव चव्हाण घ्या. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत नेहरूंना महाराष्ट्रापेक्षा मोठे मानणारा नेता म्हणून त्यांनी शिव्याशाप खाल्ले. १ मे १९६० रोजी राज्याचा मंगल कलश आला तो बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवार बाहेर ठेवून. पुढे ऑगस्ट १९६७ मध्ये सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल आला तेव्हा केंद्रीय गृहमंत्री खुद्द चव्हाणच होते. अहवालाने बेळगाव शहर म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) ठेवले, २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे म्हैसूरला द्यावीत असे सुचवले. महाराष्ट्राने तो फेटाळला. चव्हाणांची शेवटची वर्षेही फार सन्मानाची गेली नाहीत. १९८४ च्या नोव्हेंबरात ते गेले आणि काही वर्षांतच 'आधुनिक महाराष्ट्राचे शिल्पकार' ही पदवी सर्वपक्षीय झाली. त्यांच्या शिष्यांच्या दोन पिढ्या सत्तेत होत्या आणि कऱ्हाडच्या समाधीवर माथा टेकल्याशिवाय त्यांचे पान हलत नव्हते. बेळगावात येणारे महाराष्ट्राचे मंत्रीही त्याच घराण्यातले, त्यामुळे सीमावासीयाने जुना हिशेब मांडायचा तरी कोणासमोर?

रामकृष्ण हेगडे यांचे मरणोत्तर चित्र भाषेप्रमाणे दुभंगले आहे. कर्नाटकाला ते पंचायत राज रुजवणारे, १९८८ मध्ये फोन चोरून ऐकल्याच्या प्रकरणात राजीनामा देणारे सुसंस्कृत मुख्यमंत्री म्हणून आठवतात. २००४ च्या जानेवारीत ते वारले तेव्हाचे मृत्युलेखही त्याच धाटणीचे होते. पण जून १९८६ मध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलनावर गोळीबार झाला तो त्यांच्याच कारकिर्दीत. बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापाशी दरवर्षी १ जूनला लोक जमतात, आणि तिथे हेगड्यांच्या सुसंस्कृतपणाचा विषय निघत नाही.

गोड बोलणे आणि मत देणे यात किती अंतर असते, तेही या जिल्ह्याने आकड्यांत दाखवले आहे. बेळगावचे खासदार आणि रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनाने गेले. अंत्यसंस्कार दिल्लीतच झाले, गावाला अंत्यदर्शनही मिळाले नाही. हळहळ खरी होती, सर्व पक्षांत होती. एप्रिल २०२१ च्या पोटनिवडणुकीत भाजपने त्यांच्या पत्नी मंगला अंगडी यांना उभे केले. २०१९ मध्ये अंगडींचे मताधिक्य ३ लाख ९१ हजारांचे होते. ते घसरून सुमारे ५,२०० वर आले. समितीचे तरुण उमेदवार शुभम शेळके यांना १ लाख १७ हजारांवर मते पडली. एरवी लोकसभेला कमळावर शिक्का मारणारा मराठी मतदार दुखवटा पाळून समितीकडे वळला, असा याचा सरळ अर्थ.

त्याच एप्रिलात कर्नाटकचे मंत्री, याच जिल्ह्यातले उमेश कत्ती यांची एक ध्वनिफीत गाजली. रेशनचा तांदूळ कमी केल्याबद्दल विचारणाऱ्या शेतकऱ्याला त्यांनी 'मेलेले बरे' असे सुनावले होते. टीकेची झोड उठली. दीड वर्षात, सप्टेंबर २०२२ मध्ये, कत्ती हृदयविकाराने गेले आणि ते 'दिलदार माणूस' ठरले. २०२३ मध्ये मुलगा निखिल हुक्केरीतून निवडून आला. खुद्द उमेश कत्तीही १९८५ मध्ये वडिलांच्या निधनानंतरच्या पोटनिवडणुकीतून आलेले. मात्र ऑक्टोबर २०२२ मध्ये गेलेले विधानसभेचे उपाध्यक्ष आनंद मामणी यांच्या पत्नी रत्ना त्याच निवडणुकीत सौंदत्तीत हरल्या. कत्तींमागे साखर कारखाने, सहकार आणि भावांचे बळ उभे होते. आठवण जपायलासुद्धा यंत्रणा लागते.

ज्यांच्यामागे इथे कोणीच नाही त्यांचे काय? सीमा आयोगाचे मेहरचंद महाजन अहवालानंतर चार महिन्यांतच वारले. माणूस विसरला गेला, नाव अहवालाला चिकटून राहिले. कन्नड संघटना ते 'महाजन अहवालच अंतिम' म्हणत आदराने घेतात, मराठी भाषिक दात-ओठ खात.

आणि मोरारजी देसाई. १७ जानेवारी १९५६ ला बेळगावात गोळीबार झाला, तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होते आणि मुख्यमंत्री मोरारजी होते. आजच्या पोरांना ती गोळी कर्नाटक पोलिसांची वाटते. ती मुंबई सरकारची होती. मोरारजी १९९५ मध्ये गेले, पुढे अहमदाबादेत अभयघाट ही समाधी झाली, पण मराठी मुलखात त्यांच्या नावावर मत मागणारा एकही पक्ष नाही. हुतात्मा दिनाच्या भाषणांत त्यांचे नाव निघाले, की ते अजूनही एकेरीतच निघते.