दाढीचा फेस

साबण, पाणी आणि ब्रश यांनी घोटून गालांवर व हनुवटीवर लावला जाणारा दाट, ओला व निसरडा थर. केसांत पाणी मुरवणे, केस उभे धरणे आणि पात्याला कातडीवरून विनासायास सरकू देणे ही त्याची तीन कामे. फेसाची प्रत तिसऱ्या कामावरून ठरते. वाटीतून उतू जाणारा, ढगासारखा फुगलेला फेस दिसायला छान असला तरी पात्याखाली तो पुष्कळदा कोरडाच निघतो; उलट तळहातावर जेमतेम मावेल एवढाच, पण चकाकणारा आणि बुळबुळीत फेस पात्याचे दोन-तीन हात निभावून नेतो. सुरक्षा-वस्तरा किंवा उघडा वस्तरा वापरणाऱ्यांसाठी हा भेद महत्त्वाचा आहे. गोव्यात हा फेस साधणे तुलनेने सोपे का जाते, याला तिथल्या पाण्याचे आणि तेलांचे कारण आहे. त्याचा विचार पुढे केला आहे.

व्युत्पत्ती : ‘साबण’ हा शब्द पोर्तुगीजांनी दिला, अशी समजूत गोव्यात बरीच रूढ आहे. पाव, बटाटा, पगार, लिलाव, चावी हे शब्द त्या वाटेने आले, तेव्हा साबणही त्याच गलबतातून उतरला असावा असे वाटणे स्वाभाविक आहे. पोर्तुगीजमधला शब्द ‘साबांव’ आणि अरबी-फार्सीतला ‘साबून’. दोन्हींचे मूळ लॅटिन ‘सापो’ या शब्दापाशी जाते, त्यामुळे नुसत्या साम्यावरून काहीच ठरत नाही. थोरल्या प्लिनीने (इ. स. २३–७९) ‘सापो’चा उल्लेख केला आहे तो गॉल लोकांचा शोध म्हणून : चरबी आणि राख यांपासून केलेले, केसांना तांबूस छटा आणणारे द्रव्य. शब्द मुळात जर्मानिक गटातून लॅटिनमध्ये गेला असावा, असे बहुतेक भाषाभ्यासक मानतात. धुण्याच्या साबणाआधी हा शब्द केसांच्या प्रसाधनासाठी नोंदला गेला, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी आहे.

मराठीपुरता प्रश्न असा, की शब्द कोणत्या दाराने आत आला. यासंबंधी दोन पुरावे विचारात घ्यावे लागतात. पहिला कालाचा. गुरू नानक (१४६९–१५३९) यांच्या जपुजी या प्रार्थनेत मळलेले कापड ‘साबूण’ लावून धुतल्याचा दृष्टांत आहे. पोर्तुगीजांनी गोवा घेतला तो १५१० मध्ये. पंजाबात त्याच सुमारास ऐकणाऱ्याला सहज कळेल असा हा शब्द होता, म्हणजे तो उत्तरेत आधीपासून रुळलेला असणार. सतराव्या शतकात तुकारामांच्या अभंगात तो येतो : पाणीच निर्मळ नसेल तर साबण काय करील, अशा अर्थाचे ते वचन आहे. तेथे पाण्यासाठी ‘जीवन’ हा शब्द योजला आहे. देहूच्या वाण्याला आणि त्याच्या श्रोत्यांना साबण ही नवलाईची वस्तू वाटत नव्हती, एवढे तरी त्यावरून म्हणता येते.

दुसरा पुरावा ध्वनींचा, आणि तो अधिक बळकट दिसतो. पोर्तुगीज शब्दांच्या अंती येणारा सानुनासिक ‘आंव’ मराठीत ‘आव’ होतो आणि कोंकणीत बहुधा ‘आंव’च राहतो. लिलाव आणि पाव ही मराठी उदाहरणे. बटणाला कोंकणीत ‘बुतांव’ म्हणतात, तेही याच साच्यातले. या नियमाने मराठीत ‘साबाव’ व्हायला हवा होता. प्रत्यक्षात शब्दाच्या शेवटी ‘ण’ आहे, आणि तो ‘साबून’मधल्या ‘न’वाचून दुसऱ्या कशाने नीट उलगडत नाही. कोंकणीतल्या ‘साबू’चा ऊकारही ‘साबून’कडेच बोट दाखवतो. आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा पहिला मोठा संग्रह १९१३ मध्ये सिद्ध करणारे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दालगाद (१८५५–१९२२) हे बार्देशातल्या आसगावचे. तेव्हापासून अशा शब्दांची छाननी करण्याची चांगली परंपरा गोव्यात आहे. एकंदरीत शब्द फार्सीच्या वाटेने आला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र दाढीसाठी म्हणून वेगळा साबण, तो घोटायचा ब्रश आणि वाटी हा सरंजाम युरोपीय आहे.

दाढीला कोंकणीत ‘खाड’ म्हणतात. घरात मराठी वाचणारा गोमंतकीयही सकाळी ‘खाड काडटां’ (दाढी करतो) असेच म्हणेल.

पूर्वेतिहास : साबणाआधी न्हाव्याचे काम पाण्यावर चाले. धोकटीतली पाण्याची वाटी, बोटांनी चोळून चोळून भिजवलेले गाल, आणि कातड्याच्या पट्ट्यावर पाजळलेला वस्तरा. हे चोळणे वरवरचे नसे. केस आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के पाणी शोषून घेऊ शकतो आणि भिजल्यावर तो कापायला पुष्कळ हलका जातो; त्यासाठी दोन-तीन मिनिटे तरी द्यावी लागतात. आजच्या घाईच्या दाढीत नेमकी हीच मिनिटे वगळली जातात, आणि दोष साबणावर येतो.

रिठा आणि शिकेकाई यांचा फेस दाढीच्या कामी फारसा आला नाही, याचेही कारण आहे. त्यांतील सॅपोनिन हवा छान धरते, पण त्यात मेदाम्ल, म्हणजे तेला-चरबीतले आम्ल, नसते. त्यामुळे बुडबुडे होतात, निसरडेपणा बेताचाच राहतो. फेस आणि निसरडेपणा हे दोन वेगळे गुण आहेत, हे रिठ्याच्या पाण्याने एकदा दाढी करून पाहिली की कळते.

तेल आणि क्षार मिळून साबण कसा होतो याचा उलगडा फ्रेंच रसायनज्ञ मिशेल शेव्हरल (१७८६–१८८९) यांच्या संशोधनाने झाला. ते त्यांनी १८२३ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. स्टिअरिक आम्ल हे मेदाम्ल वेगळे काढून ओळखण्याचे श्रेयही त्यांचेच. दाढीचे खास साबण अमेरिकेत सुमारे १८४० पासून बाजारात आले असे मानतात. विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०३ पासून, जिलेटचा सुरक्षा-वस्तरा विकला जाऊ लागला आणि दाढी न्हाव्याकडून घरच्या आरशासमोर आली. १९६१ पूर्वीच्या गोव्यात युरोपीय प्रसाधने सहज मिळत. पणजी-मडगावकडील जुन्या दुकानांच्या पाट्यांवरचा ‘बार्बेआरिया’ (न्हाव्याचे दुकान) हा पोर्तुगीज शब्द त्या काळाची खूण आहे.

घटक : दाढीचा साबण आणि अंगाचा साबण यांत मुख्य फरक दोन. अंगाच्या साबणात सोडियमचा क्षार असतो, त्याने वडी कडक होते. दाढीच्या साबणात पोटॅशियमचा क्षार एकटा किंवा सोडियमच्या जोडीने असतो. त्याने साबण मऊ राहतो आणि पाण्यात चटकन विरघळतो. दुसरा फरक मेदाम्लांचा. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचे प्रमाण मोठे असते. त्यापासून होणारा फेस बारीक कणांचा, साईसारखा असतो आणि लवकर मोडत नाही. खोबरेल तेलात ४५ ते ५० टक्के लॉरिक आम्ल असते. त्याचा फेस झटकन येतो, मोठ्या बुडबुड्यांचा होतो आणि तितक्याच झटकन बसतो. म्हणून दोन्ही लागतात : खोबरेल सुरुवात करून देते, स्टिअरिक आम्ल टिकवून धरते. नुसत्या खोबरेलाचा साबण दाढीला घेतला की गालाच्या एका बाजूची दाढी होईपर्यंत दुसऱ्या बाजूचा फेस विरलेला असतो. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते आणि थर सुकू देत नाही.

गोव्याच्या दृष्टीने येथे एक सुंदर योग आहे. नारळ तर आहेच, पण स्टिअरिक आम्लाने समृद्ध अशी वनस्पतिज चरबीही परसातच मिळते : भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचे तेल. त्यात साधारण निम्मे किंवा त्याहून थोडे जास्त स्टिअरिक आम्ल असते, आणि म्हणूनच ते वितळायला सुमारे ४०° से. तापमान लागते. सोलां (कोकमाची वाळवलेली साले) करून उरलेल्या बिया वाळवतात, फोडून आतला गर कुटतात, पाण्यात उकळतात आणि वर तरंगलेली चरबी काढून घेऊन तिचे गोळे वळतात. फिकट पांढरा, मेणासारखा हा गोळा हातात धरला तर लगेच वितळत नाही. अंगठ्याने दाबून घासत राहिले की कडा ओलसर होते आणि बोट सरकू लागते. टाचांच्या भेगांवर आणि फुटलेल्या ओठांवर तो पिढ्यान्‌पिढ्या लावला जात आहे. अलीकडे घरगुती साबण करणारे त्याचा वापर दाढीच्या साबणातही करतात, आणि तो योग्य आहे. नारळाच्या सोडणांच्या राखेत पोटॅशियम भरपूर असते हेही येथे सांगितले पाहिजे. खोबरेल, भिरंडेल आणि ही राख एकाच बागायतीत असतात.

कोकमाच्या शास्त्रीय नावासंबंधी एक गैरसमज प्रचलित आहे. गार्सिनिया इंडिका यातील ‘गार्सिनिया’ हे गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ऑर्ता या वैद्याच्या नावावरून आले, असे सांगतात. ते खरे नव्हे; लिनीअसने ही प्रजाती लॉरां गार्सें या निसर्गशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली. ऑर्ताने गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या आपल्या संवादग्रंथात या फळाचा ‘ब्रिंदोंइश’ असा उल्लेख केला आहे, आणि त्यामागे ‘भिरंड’ हा स्थानिक शब्द ऐकू येतो. बहुधा त्यामुळेच हा घोटाळा झाला असावा.

पाणी : साबण कितीही उत्तम असला तरी जड पाण्यात त्याचे काही चालत नाही. पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम मेदाम्लांशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतात. जो साबण पात्याखाली सरकायचा तो वाटीच्या कडेला करड्या कवडीच्या रूपाने चिकटून बसतो. देशावर काळ्या दगडातल्या बोअरच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला याचा चांगला अनुभव असतो. गोव्यातील नळाचे पाणी मुख्यतः नद्यांचे आहे : खांडेपारच्या नदीवरील ओपा, बार्देशासाठी अस्नोडा, दक्षिणेत साळावली. जांभ्या दगडातून झिरपलेल्या विहिरींचे पाणीही सहसा मृदू असते, कारण जांभ्यातले विरघळणारे कॅल्शियम पावसाने केव्हाच धुऊन नेलेले आहे. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींत उन्हाळ्याच्या अखेरीस खारटपणा येतो. तेवढ्यापुरता साबण जास्त लागतो. पावसाळ्यात पागोळ्यांखाली धरलेल्या पाण्याइतका फेस दुसऱ्या कुठल्याच पाण्याला येत नाही.

तुरटीचा येथे वेगळा उल्लेख करायला हवा. दाढीनंतर ती फिरवणे चांगलेच, पण तुरटी लागलेली बोटे किंवा वाटी न धुता पुन्हा फेस घोटायला घेतला तर तो नासतो. तुरटीतले अ‍ॅल्युमिनियम साबणाला दुधासारखे फाडते.

कृती : ब्रश कोमट पाण्यात बुडवून ठेवावा, रानडुकराच्या वा डुकराच्या केसांचा असेल तर पाच-दहा मिनिटे, कृत्रिम तंतूंचा असेल तर नुसता ओला केला तरी पुरे. मग पाणी झटकून तो जवळजवळ कोरडा करावा आणि साबणावर अर्धा मिनिट गोल फिरवावा. या टप्प्यावर ब्रशच्या टोकांना चिकट, निस्तेज, जाडसर लुकण बसले पाहिजे. फेस दिसू लागला तर पाणी जास्त झाले. साबण पुरेसा घेणे आणि पाणी नंतर घालणे, हा क्रम चुकला की पुढची सगळी मेहनत वाया जाते.

आता ब्रश वाटीत वा थेट गालावर घ्यावा आणि पाणी थेंबाथेंबाने घालावे. प्रत्येक वेळी चार-पाच थेंब, मग घोटणे, मग पुन्हा. लुकणाचे आधी लोणी होते. बहुतेक जण इथेच थांबतात, कारण फेस दिसायला भरघोस असतो. पण त्यात हवा जास्त आणि पाणी कमी असते. पंख्याखाली तो दोन मिनिटांत पापुद्र्यासारखा सुकतो. आणखी पाणी द्यावे. फेस थोडा बसतो, घाबरू नये. त्याच्या पृष्ठभागावरचा चुन्यासारखा कोरडेपणा जातो आणि चकाकी येते. नारळाच्या पहिल्या दाट रसासारखा तो वाटीच्या कडेवरून हळूच ओघळू पाहतो. हीच ती अवस्था. चिमूटभर फेस अंगठा आणि तर्जनी यांत धरून दाबून चोळावा : बोटे एकमेकांना अडली किंवा करकरली तर पाणी कमी आहे, बोटांना पकडच मिळेनाशी झाली तर झाले. डोळ्यांना दिसणारे बुडबुडे उरले असतील तर घोटणे अजून बाकी आहे, आणि फेस गालावरून गळत असेल तर पाणी जास्त झाले. अशा वेळी ब्रश पुन्हा साबणावर फिरवून आणावा. शेवटची परीक्षा पाते फिरवल्यावर होते. जिथला फेस निघून गेला तिथे ओले बोट लावले तरी ते सरकले पाहिजे.

ब्रशची निगा : जून ते सप्टेंबर गोव्यात काहीच वाळत नाही, ब्रशही नाही. साबण पूर्ण निघेपर्यंत तो धुवावा, पंचावर घासून पाणी काढावे आणि टोके खाली करून न्हाणीघराबाहेर, वारा लागेल अशा ठिकाणी टांगावा. डबीत मिटून ठेवलेल्या ब्रशच्या मुळाशी बुरशी धरते आणि केस तिथूनच गळू लागतात.